कोरीची पिल्ले दुसऱ्या आठवड्यात का मरतात? सोप्यापासून अवघडापर्यंत तपासण्या

कोरीने काचेवर अंडी चिकटवली, ती फुटली, पिल्ले पाच-सहा दिवस नीट दिसली आणि मग रोज सकाळी पाच-दहा करत सगळी संपली, असा अनुभव ज्यांना एकदा नव्हे तर वारंवार आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कोरी म्हणजे घरच्या टाकीत पाळला जाणारा, तळाशी वावरणारा मिशाळ लहान मासा. मी पुण्यात फ्लॅटमध्ये त्यातल्या ब्राँझ कोरीची वीण घेतो. गेल्या नऊ वर्षांत ही मरतुक माझ्या टाक्यांत चार वेळा झाली आणि ओळखीच्यांच्या टाक्यांत ती शोधून काढण्याची वेळ त्याहून पुष्कळ अधिक वेळा आली. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिली शंका रोगाची घेतली गेली आणि पहिला हात औषधाच्या बाटलीकडे गेला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण टाकीच्या तळावर किंवा बदललेल्या पाण्याच्या बादलीत होते, आणि घातलेल्या औषधाने उरलेल्या पिल्लांचे नुकसानच झाले.

येथे सांगितलेले सर्व ब्राँझ कोरीबद्दल आहे. तिचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ कोरिडोरास एनियस होते. 2024 मध्ये या कुळाची फेरमांडणी झाल्यापासून ते ऑस्टिओगास्टर एनिया असे लिहिले जाते. दुकानात अल्बिनो कोरी म्हणून मिळणारा मासा बहुधा याच जातीचा असतो, त्यामुळे त्यालाही हेच लागू पडते. पेपर्ड कोरीला पाणी थोडे थंड लागते, पण तपासण्यांचा क्रम तिच्यासाठीही बदलत नाही.

लक्षणे: आधी दिवस मोजा

अंडी घातल्याची तारीख टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावी. पिल्ले कोणत्या दिवशी मरतात यावरून निम्मे निदान होते.

पहिल्या दोन दिवसांत अंडी पांढरी, अपारदर्शक होऊन त्यांवर कापसासारखे तंतू दिसत असतील, तर ती फळलेलीच नव्हती किंवा शेजारच्या मृत अंड्याची बुरशी त्यांच्यावर पसरली. फळलेले अंडे फिकट पिवळसर तपकिरी होत जाते आणि तिसऱ्या दिवशी विजेरीच्या उजेडात आत डोळे दिसतात. 25 अंशांच्या आसपास अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात.

अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस पिल्लू पोटाच्या पिवळ्या बलकावर जगते. बलक संपल्यानंतर लगेच, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी, पोट आत गेलेली पिल्ले मरत असतील तर ती उपासमार आहे. सातव्या ते पंधराव्या दिवसांत रोज थोडी थोडी पिल्ले मरत असतील, मेलेल्यांचे पोट भरलेले असेल, मिशा आखूड किंवा झिजलेल्या दिसत असतील आणि जिवंत पिल्ले तळ सोडून काचेला किंवा पानाला चिकटून बसत असतील, तर तळ घाण झालेला आहे. एकाच रात्रीत बहुतेक सगळी मेली, तर पाणी बदलताना काय झाले ते आठवावे. क्लोरीन, तापमानातला झटका किंवा बंद पडलेला एअर पंप यांपैकी एक कारण निघते. मेलेले एकही पिल्लू सापडत नाही आणि संख्या मात्र कमी होत आहे, असे असेल तर टाकीत कोणीतरी ती खात आहे.

पहिली तपासणी: पोट आणि तळ

यासाठी फक्त विजेरी, भिंग आणि बोट लागते. रात्री खोलीतला दिवा बंद करून विजेरी बाजूने धरावी. नुकत्याच अंड्यातून फुटलेल्या आर्टेमियावर (कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव, पिल्लांचे नेहमीचे जिवंत खाणे) वाढणाऱ्या पिल्लाचे पोट नारिंगी दिसते, कारण कातडी अजून पारदर्शक असते. खाणे दिल्यानंतर तासाभराने दहा पिल्ले पाहावीत. त्यांतल्या आठांची पोटे नारिंगी नसतील तर खाणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. फ्लेकची पूड पाण्यावर तरंगत राहते आणि पिल्ले तळाशी असतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे तळाला जाणारे जिवंत खाणे देणे भाग आहे. आर्टेमिया जमत नसेल तर मायक्रोवर्म हा बारीक कृमी चालतो. ओट्सच्या पिठल्यासारख्या लगद्यावर तो घरी वाढतो, पाण्यात तळाशी जातो आणि तेथे बराच वेळ जिवंत राहतो. ट्युबिफेक्स हा दुकानात मिळणारा लाल कृमी मात्र या वयात देऊ नये. तो बहुधा सांडपाण्याच्या नाल्यांतून आलेला असतो. एका दुकानातून आणलेल्या ट्युबिफेक्सनंतर माझी ऐंशी पिल्ले चार दिवसांत गेली आणि त्यानंतर तो मी लहान पिल्लांच्या टाकीत कधीही घातला नाही.

मग बोट तळाच्या काचेवरून फिरवावे. काच बुळबुळीत लागली तर दुसऱ्या आठवड्यातल्या मरतुकीचे सर्वांत नेहमीचे कारण तुमच्या हाती आले. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आर्टेमियाची पिल्ले खाऱ्या पाण्यातली असतात; गोड्या पाण्यात ती काही तासच तगतात आणि मग मरून तळाशी साचतात. गप्पी किंवा मॉलीची पिल्ले वरच्या पाण्यात वावरतात, त्यामुळे त्यांना तळाच्या कुजण्याचा त्रास उशिरा होतो. कोरीचे पिल्लू मात्र चोवीस तास पोट आणि मिशा तळाला टेकवून असते. वरच्या पाण्याची तपासणी निर्दोष निघाली तरी पिल्लू ज्या थरात श्वास घेते, तेथे जिवाणूंचा लेप वाढलेला असतो आणि प्राणवायू कमी झालेला असतो. प्रथम मिशा झिजतात, मग पोटाकडची कातडी लालसर होते आणि मग पिल्लू मरते. पहिल्या आठवड्यात खाणे कमी लागते म्हणून साचणेही कमी असते. दुसऱ्या आठवड्यात भूक वाढते, आपण कौतुकाने खाणे वाढवतो आणि तळ हाताबाहेर जातो.

उपाय खर्चाचा नाही, पण चिकाटीचा आहे. एअरलाइनच्या बारीक नळीने सकाळ-संध्याकाळ तळ ओढून घ्यावा. ओढलेले पाणी पांढऱ्या टबात पाडावे, म्हणजे नळीतून गेलेली पिल्ले दिसतात आणि ड्रॉपरने परत टाकता येतात. आठवड्यातून दोनदा स्वच्छ, साबण कधीही न लागलेल्या स्पंजच्या तुकड्याने तळाची काच पुसावी. खाणे दिवसातून दोनदा भरपूर देण्याऐवजी चारदा चिमूटभर द्यावे. पहिले तीन आठवडे मी तळ उघडाच ठेवतो. त्यानंतर धुतलेल्या बारीक, गोल कणांच्या वाळूचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर घालतो. बांधकामावरची क्रश सँड वापरू नये, तिच्या धारदार कडांनी मिशा कापल्या जातात.

देशी बदामाचे (टर्मिनालिया कटाप्पा) झाडावरून गळून वाळलेले एक पान या टाकीत अवश्य असावे. त्यातल्या टॅनिनमुळे पाण्याला चहासारखा फिकट रंग येतो, बुरशी काहीशी आटोक्यात राहते आणि पानावर वाढणारे सूक्ष्म जीव पिल्ले चरून खातात. पान रस्त्याच्या कडेचे किंवा फवारणी झालेल्या बागेतले नको.

दुसरी तपासणी: बादलीतले पाणी

कोकणात पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर मासे चढणीला लागतात, तशीच प्रेरणा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या माशातही आहे. हवेचा दाब उतरला आणि पाणी दोन-चार अंशांनी गार झाले की कोरी अंडी घालते. म्हणूनच निम्मे पाणी काढून गार पाणी भरण्याची युक्ती वीण घेणारे वापरतात. परिणामी आपल्याकडे पुष्कळ टाक्यांत जून-जुलैमध्ये एकदम पिल्ले होतात, आणि नळाचे पाणी गढूळ येऊ लागल्याने क्लोरीनची मात्रा वाढवली जाते ते दिवसही नेमके हेच असतात. मोठ्या माशांना हे पाणी कसेबसे सोसते, पिल्लांच्या कल्ल्यांना सोसत नाही.

वास येत नाही म्हणून क्लोरीन नाही, असे समजू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरीन अपेक्षित आहे आणि पिल्लांना त्याहून कितीतरी कमी क्लोरीनही घातक असते. गावोगावी पाण्याची ओटी टेस्ट करतात, तीच येथे उपयोगी पडते. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) हाताने टाकली जात असल्यास मात्रा रोज सारखी नसते, त्यामुळे कालचे पाणी चालले म्हणून आजचेही चालेल असे होत नाही. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवावे, किंवा दुकानात अँटीक्लोर म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट बाटलीवरच्या मात्रेने घालावे.

पाणी बदलताना तापमानातला फरक एका अंशाच्या आत असावा. ज्या गार पाण्याने मोठी कोरी अंडी घालायला प्रवृत्त होते, तेच गार पाणी आठ दिवसांच्या पिल्लाला मारते. एकाच नळाखाली दोन्ही टाक्या भरणाऱ्यांकडून ही गफलत वारंवार होते. रोज दहा ते वीस टक्के पाणी बदलावे आणि नवे पाणी एअरलाइनच्या नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडावे. एकदम अर्धी टाकी बदलणे हा या वयात उपाय ठरत नाही.

तिसरी तपासणी: अमोनिया आणि निळे औषध

येथून पुढे थोडा खर्च आहे. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजणारे थेंबांचे किट घ्यावे. पट्ट्यांपेक्षा ते अधिक भरवशाचे असते. पिल्लांच्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत. पीएच सोबत मोजणे गरजेचे आहे, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो. 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियातला सुमारे अर्धा टक्का भाग विषारी स्वरूपात असतो, पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांकडे किटवरचा तोच रंग म्हणूनच जास्त धोक्याचा असतो.

आता ज्या गोष्टीने मला स्वतःला दोन वर्षे चकवले, ती सांगतो. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लू घालतात. 1 टक्का द्रावणाचे 1 मिलिलिटर 10 लिटर पाण्याला घातले की 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा होते आणि अंड्यांसाठी ती योग्यच आहे. परंतु अमोनियाचे नायट्रेटपर्यंत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना हे औषध बाधक ठरते. अंडी फुटल्यावर त्याच निळ्या पाण्यात स्पंज फिल्टर चालू ठेवला, तर फिल्टर चालताना दिसतो, बुडबुडे येतात, पण त्यातले जिवाणू निकामी झालेले असतात. पहिला आठवडा बलकावर आणि थोड्या खाण्यावर निघून जातो. दुसऱ्या आठवड्यात खाणे वाढताच अमोनिया चढतो. अंडी वाचवणाऱ्या औषधाचा परिणाम दहा दिवसांनी पिल्लांवर दिसतो, म्हणून त्या दोहोंचा संबंध सहसा कोणी जोडत नाही.

यासाठी अंडी वेगळ्या डब्यात, फक्त एअर स्टोनवर फुटू द्यावीत. अंडी फुटल्यावर दोन दिवसांत थोडे थोडे पाणी बदलून निळा रंग संपवावा आणि मग मोठ्या टाकीत किमान महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर न धुता पिल्लांकडे आणावा. मी यासाठी मोठ्या टाकीत एक जास्तीचा स्पंज कायम चालू ठेवतो. अमोनिया आधीच चढलेला असेल तर पाणी दिवसातून दोनदा थोडे थोडे बदलावे, खाणे एक दिवस निम्म्यावर आणावे आणि दुसरे कोणतेही औषध घालू नये.

चौथी तपासणी: उष्णता आणि हवा

एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखालच्या खोलीतही लहान टाकीचे पाणी 31-32 अंशांपर्यंत जाते. 25 अंशांना पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, 32 अंशांना साधारण 7.3, त्याच वेळी पिल्लाची गरज आणि तळाचे कुजणे दोन्ही वाढलेले असते. कोरी पृष्ठभागावर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून तिचा उपयोग करते, पण पिल्लाला वरपर्यंतचा हा प्रवास जड जातो. म्हणून पहिल्या महिन्यात पाण्याची उंची 10 ते 12 सेंटिमीटरच ठेवावी. पाण्यावर लहान पंख्याचा झोत सोडला की दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या बाटल्या टाकू नयेत, त्यांनी दिवसभर चढउतार होत राहतात. वीज जात असेल तर बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप घ्यावा.

पाचवी तपासणी: खाणारे आणि गर्दी

पिल्ले नाहीशी होत असतील तर दिवा बंद करून अर्ध्या तासाने विजेरीने काच पाहावी. काचेला चिकटलेले, धाग्यांसारखे हात पसरलेले हायड्रा आर्टेमिया देणाऱ्या टाकीत फार लवकर वाढतात. तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर चतुराच्या अळ्या येतात. अशी एकच अळी पिल्लांची पूर्ण तुकडी संपवू शकते. सर्व पिल्ले स्वच्छ टाकीत हलवून जुनी टाकी कोरडी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. फिल्टरचे तोंड उघडे असेल तर त्यावर स्पंज चढवावा.

गर्दीबद्दल माझा हिशेब साधा आहे: पहिल्या महिन्यात एका लिटरला पाच पिल्लांहून अधिक नकोत, आणि आकारात फरक दिसू लागला की लहान पिल्ले वेगळी काढावीत. सुमारे 2 सेंटिमीटरची होईपर्यंत त्यांना मोठ्या टाकीत सोडू नये.

सहावी तपासणी: कठीण पाणी

ही शेवटाकडे ठेवली आहे, कारण पाण्याचा कठीणपणा बदलण्याच्या घाईत वाचलेली पिल्लेही मरतात. वरचे सगळे नीट असूनही बोअरच्या पाण्यात पिल्ले अंड्यातच मरत असतील किंवा अर्धवट बाहेर येऊन अडकत असतील, तर पुढच्या विणीपूर्वी, म्हणजे पिल्ले नसताना, मोठ्या माशांच्या पाण्यात आरओचे पाणी हळूहळू मिसळत न्यावे. मी आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक मिसळत नाही. निव्वळ आरओचे पाणी कधीही वापरू नये. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार नसतात आणि तो अचानक कोसळतो.

सातवी तपासणी: आईबाप

याला सर्वांत जास्त वेळ लागतो. प्रत्येक विणीत वाकड्या कण्याची किंवा कल्ल्याचे झाकण अपुरे असलेली पिल्ले निघत असतील, तर मूळ मासे एकाच विणीतली भावंडे असण्याची शक्यता मोठी आहे. वेगळ्या दुकानातून नर आणावेत, महिनाभर वेगळे ठेवावेत आणि एका मादीमागे दोन नर असा मेळ घालावा. अर्ध्याहून अधिक अंडी फळत नसतील तरीही हाच उपाय आहे. पुढचे निष्कर्ष दिसायला काही महिने जातात, तोपर्यंत धीर धरावा लागतो.

कोठे थांबावे

तोंडाभोवती किंवा पाठीवर पांढरा कापसासारखा लेप, अंगावर रक्ताच्या रेषा, उघडे व्रण, किंवा पिल्लांबरोबर मोठे मासेही मरू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय तेथेच थांबवावेत. अँटिबायोटिक स्वतःहून घालू नये. जिवाणू ओळखल्याशिवाय दिलेल्या मात्रेने फिल्टर मरतो आणि त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. तांबे असलेली औषधे आणि मिठाचा जादा वापरही या माशाला सोसत नाही. सर्व तपासण्या निर्दोष असूनही सलग तीन विणी दुसऱ्या आठवड्यात संपल्या, तर तेव्हाही चौथी वीण घेण्याआधी तज्ज्ञाकडे जावे.

माशांवर उपचार करणारे पशुवैद्य प्रत्येक शहरात नाहीत. रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत आणि मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे; आधी दूरध्वनी करून नमुना घेतला जाईल का ते विचारावे. नमुना म्हणून आजारी पण जिवंत अशी चार-पाच पिल्ले त्यांच्याच पाण्यात, पिशवीत हवा भरून न्यावीत आणि टाकीतले अर्धा लिटर पाणी वेगळ्या बाटलीत घ्यावे. रात्री मेलेले पिल्लू सकाळपर्यंत इतके कुजते की त्यावरून काही सांगता येत नाही. सोबत तारखांची वही, घातलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि मात्रा, आणि किटवरचे आकडे न्यावेत. घातलेले औषध लाजेपोटी लपवू नये, त्याने निदान चुकते.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या जाणवल्या, तर मुख्य स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. फुटलेल्या हीटरमधून पाण्यात वीज उतरत असू शकते, आणि अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून होईपर्यंत त्या टाकीला पुन्हा हात लावू नये.